हात दुखतो म्हणून विणकाम सोडू नका

क्रोशाची सुई पुन्हा घराघरांत आली आहे. पूर्वी रुखवतातले रुमाल, टीव्हीवरचे झाकण, दाराचे तोरण आणि बाळाचे टोपडे एवढाच तिचा संसार असे. आता लोकरीचे ससे, हत्ती, कासवे, बदके, किल्लीला अडकवायची सूर्यफुले आणि कधीच न सुकणारे गुलाबांचे गुच्छ विणले जातात. या छोट्या प्राण्यांना जपानी भाषेत अमिगुरुमी म्हणतात. मुली मोबाइलवर पाहून शिकतात आणि मुलींकडून त्यांच्या आयाही शिकतात. घरात बसून, थोड्या खर्चात होणारा हा छंद आहे.

या छंदापाठोपाठ मनगट धरून दवाखान्यात येणाऱ्या भगिनीही मला भेटतात. त्यांची तक्रार सांगून पुरी होण्याआधीच सोबतचे यजमान किंवा सासूबाई निकाल देऊन टाकतात, "डॉक्टर, आधी हिचे ते विणकाम बंद करा." पुष्कळदा आम्ही डॉक्टर मंडळीही मान डोलावतो. मला हा निकाल मान्य नाही. का मान्य नाही, हेच आज सांगायचे आहे.

प्रथम हिशेब मांडू. ज्या हाताने ही बाई संध्याकाळी तासभर विणते, त्याच हाताने ती सकाळी कणीक मळते, पोळ्या लाटते, कपडे पिळते, भांडी घासते, पाण्याच्या बादल्या उचलते. ओली चादर पिळताना मनगटावर जो पीळ आणि जोर पडतो, त्यापुढे क्रोशाच्या सुईचा जोर काहीच नाही. तरीही हात दुखू लागला की घरात पहिली गदा येते ती विणकामावर. "आजपासून चादरी मी पिळतो" असे म्हणणारे यजमान मला फार थोडे भेटले. जे काम सर्वांच्या सोयीचे ते चालू ठेवायचे आणि जे एकच काम तिच्या आवडीचे ते बंद करायचे, याला उपचार कसे म्हणावे?

याचा अर्थ विणकामाने हाताला काहीच होत नाही, असा मुळीच नाही. उलट हे छोटे प्राणी विणणे शालीपेक्षा किंवा रुमालापेक्षा हाताला अधिक जड जाते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खेळण्यात कापूस भरायचा असतो. टाके सैल पडले तर तो बाहेर डोकावतो. म्हणून लोकरीच्या मानाने बारीक सुई घेऊन टाके घट्ट घालावे लागतात. घट्ट टाक्यात सुई शिरत नाही, ती रेटावी लागते. त्यात सगळे विणकाम गोल गोल आणि एकाच प्रकारच्या मुक्या खांबांचे. एका सशासाठी तीच हालचाल शेकडो वेळा होते. शिवाय वस्तू लहान असल्याने डावा हात ती चिमटीत घट्ट धरून बसतो. त्यामुळे सुई उजव्या हातात असली तरी काही जणींचा डावा अंगठा आधी दुखू लागतो.

दुखण्याचे प्रकारही ओळखता आले पाहिजेत. मनगटाच्या तळहाताकडील बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मोठी नस जाते. आतील भागाला सूज आली की नस दबते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू येथे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. करंगळी बहुधा सुटते. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते, ही त्याची खूण. हा त्रास स्त्रियांत अधिक आढळतो. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइडचे काम मंदावलेले असताना तो जास्त होतो. म्हणून असा हात घेऊन आलेल्या बाईला विणकाम बंद करायला सांगून परत पाठवणे पुरेसे नाही. तिची साखर आणि थायरॉइड तपासले पाहिजे. सारा दोष सुईवर टाकला तर खरा आजार लपून राहतो.

दुसरा प्रकार अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखण्याचा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवले की कळ येते. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सकांनी १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही ते होते. तिसऱ्या प्रकारात बोट वाकते, अडकते आणि खटकन सरळ होते. चौथा प्रकार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याच्या झिजेचा. तो साधारणपणे पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे दिसतो. मान आणि खांदा दुखणे वेगळेच. ते बहुतेक वेळा मांडीवरच्या विणकामात मान खाली घालून तासन् तास बसल्याने होते.

आता रीत बदलायची म्हणजे काय करायचे?

पहिली गोष्ट सुईची. बारीक पोलादी सुईच्या दांड्यावर मऊ फडक्याची पट्टी किंवा रबराची नळी चढवून तो बोटाएवढा जाड करावा. दांडा जितका बारीक तितकी चिमूट घट्ट, आणि चिमूट जितकी घट्ट तितका अंगठ्यावर भार. काही जणी सुई पेनासारखी धरतात, काही सुरीसारखी. दोन्ही रीती चालतात. एका रीतीने दुखत असेल तर दुसरी करून पाहावी. मनगट मात्र वाकडे न ठेवता सरळ रेषेत ठेवावे. शिकताना बारीक दोऱ्याऐवजी मध्यम जाडीची लोकर घ्यावी. खेळणे थोडे मोठे होईल, त्याला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट बसण्याची. पाठीला टेका, कोपरांखाली उशी आणि विणकाम छातीच्या उंचीपर्यंत वर, म्हणजे मान झुकत नाही. दिवसा खिडकीशी बसावे, रात्री दिवा बाजूने वा मागून यावा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे काम दिवसाच करावे. चाळिशी उलटलेल्यांनी जवळचा चष्मा तपासून घ्यावा. टाका दिसत नाही म्हणून वाकणारी मान चष्म्याने सरळ होते.

तिसरी गोष्ट विश्रांतीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. दर वीस मिनिटांनी सुई खाली ठेवावी. वीस फुटांवरच्या झाडाकडे किंवा भिंतीकडे वीस सेकंद पाहावे. मुठी उघडाव्यात, मिटाव्यात, बोटे फाकवावीत, खांदे मागे फिरवावेत. "एवढी ओळ झाली की उठते" हे वाक्य घातक आहे, कारण ती ओळ कधी संपत नाही. अर्धवट ओळीत खूण म्हणून रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून उठावे, मोजणी चुकत नाही.

दुखणाऱ्या हाताची बोटे ओढून कटकट मोडू नयेत. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्याची झळ बसते. दुखणे ताजे असेल तर आठ-दहा दिवस सुईला सुट्टी द्यावी, पण तितकेच दिवस पिळणे, घासणे आणि बादली उचलणे यांनाही सुट्टी मिळाली पाहिजे. रात्री मुंग्या येत असतील तर झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावा. बधिरपणा दिवसाही राहू लागला, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसू लागला, तर एक दिवसही न दवडता दाखवावे.

आता कोणी विचारील, एवढी यातायात करून विणायचेच कशाला? त्याचे उत्तर मनाच्या आरोग्यात आहे. घरकामाला शेवट नसतो. घासलेली भांडी रात्री पुन्हा खरकटी होतात. विणलेले बदक मात्र दोन संध्याकाळींत पुरे होते आणि पुरेच राहते. टाके मोजताना मनात दुसरे विचार फिरकत नाहीत. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अनेक देशांतील आठ हजारांवर क्रोशे विणणाऱ्यांनी प्रश्नांची उत्तरे दिली. त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जणांनी विणताना शांत वाटते असे सांगितले. उत्तरे देणारे सगळे आधीच या छंदाचे भोक्ते होते, तेव्हा हा आकडा जरा बेतानेच घ्यावा. पण हाताच्या कामाने मन सावरते, हे वैद्यकाला नवे नाही. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. हाताला अर्थपूर्ण काम देऊन रुग्णाला पुन्हा उभे करणे, हा त्या शास्त्राचा पायाच आहे. मग घरात हेच औषध आपोआप मिळत असताना ते काढून का घ्यायचे? निवृत्त पुरुषांनीही सुई हाती घ्यायला माझी ना नाही.

मात्र विणकाम हा उदासीनतेच्या आजारावरचा पूर्ण इलाज नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि उत्साह गेला असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

छंदातून दोन पैसे मिळू लागले की प्रकरण बदलते. गुच्छांच्या, राख्यांच्या मागण्या येतात, तारीख ठरते आणि वीस मिनिटांची विश्रांती उडून जाते. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील स्त्रियांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंचे पुस्तक १९८२ साली निघाले. या स्त्रिया तासन् तास विणून बाजाराला माल पुरवत होत्या, पण त्यांना कामगार न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी समजले जाई, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या गावातही तेच घडू शकते. घेणारा 'घरीच तर बसून करता' म्हणतो आणि भाव पाडतो. म्हणून मागणी घेताना विश्रांतीचे तासही धरूनच तारीख द्यावी आणि भाव ठरवावा.

शेवटी, खेळणे ज्या हातांत जाणार त्यांचाही विचार हवा. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याला मणी, बटण किंवा प्लास्टिकचे डोळे लावू नयेत, ते दोऱ्यानेच भरावेत. साधारण सव्वा इंचाहून लहान वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते. फ्रिजवर लावायच्या फुलांतील लोहचुंबक तर फारच धोक्याचे. दोन चुंबके गिळली गेल्यास ती आतड्यांत एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. बाळाच्या विणलेल्या मोज्यांत सुटे दोरे राहू देऊ नयेत. तसा दोरा पायाच्या बोटाला आवळून रक्त थांबू शकते. बाळ विनाकारण किंचाळून रडत असेल तर मोजे काढून बोटे पाहावीत. वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ खेळणी ठेवू नयेत. गुच्छाच्या देठातील तारेची टोके दुमडून झाकावीत. मधुमेही भगिनींना तारेची जखम महाग पडते.

तेव्हा यजमानांना माझी विनंती एवढीच. घरातल्या बाईचा हात दुखू लागला तर तिच्या हातातली सुई काढून घेऊ नका. बादलीतली ओली चादर घ्या.