वाण कोणतं, ते सांगा!

आमच्या माकणीत माणूस सोयाबीनचं बी घ्यायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, "वाण कोणतं?" भाव नंतर. उधारीचं त्याच्याही नंतर, कारण ती धरलेलीच असते. मग तो पिशवी उलटीपालटी करून वाण वाचतो, शुद्धता वाचतो, मुदत वाचतो, उगवणशक्ती वाचतो. सोयाबीनची ती निदान ७० टक्के असावी, असा दंडक आहे. ज्याला वाचता येत नाही तो शेजारच्याकडून वाचून घेतो. पण वाचल्याशिवाय पिशवी खांद्यावर जात नाही.

हा प्रश्न न विचारता मी आयुष्यात एकच वस्तू विकत घेतली, आणि ती दोनदा घेतली.

त्याचं असं झालं. आमच्या घरी २०१४ सालचा एक टेबलावरचा संगणक आहे. चांगला धडधाकट. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, आणि आमच्या यंत्राला अकरावीला प्रवेश नाकारण्यात आला. कारण काय, तर वय. बावीस वर्षं बँकेत काढल्यामुळे वयाच्या कारणावरून कुणाला बाद करायचं म्हटलं की मला ते अंगावर घेतल्यासारखं वाटतं. त्यातून थोरली बारावीला. सीईटीची परीक्षा संगणकावर असते, आणि पोरीला सराव करायचा तर मोबाइलच्या चार बोटांच्या काचेवर करून भागत नाही. नवा संगणक म्हणजे चाळीस हजार. बँकेत रोज लाखो मोजणाऱ्या माणसाला चाळीस हजारांची किंमत जेवढी कळते तेवढी ती सावकारालाही कळत नसेल.

पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, लिनक्स टाका. फुकट आहे." लिनक्स म्हणजे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेली आणि मग जगभरच्या लोकांनी श्रमदानानं वाढवलेली व्यवस्था. आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, दुरुस्त करावं. आपल्या सी-डॅकनंही २००७ साली एक काढली. तिचं नाव 'बॉस'. ती मी घेतली नाही. एक बॉस शाखेत पुरे. 'मिंट' नावाची घेतली, पेन ड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसवली, आणि म्हातारा बैल नव्या कासऱ्यानं चालावा तसा तो संगणक चालू लागला. पडदा, उंदीर, आवाज, सगळं जागच्या जागी.

राहिलं इंटरनेट. राऊटर भावाच्या माडीवर. मी वायर आणायची म्हटली तर सौ. म्हणाल्या, "दिवाळीला रंग दिलाय. भिंतीला भोक पाडलंत तर तिथंच जाऊन राहा." म्हणजे वायरलेस कार्ड आलं. म्हणजे लातूर आलं.

"हे लिनक्सवर चालतंय का?" मी दुकानात विचारलं.

"ते काय असतंय?"

"विंडोजसारखंच."

"मग चालतंय की. सगळ्याला चालतंय. घेऊन जावा साहेब, बिनधास्त."

नखाएवढी वस्तू, सहाशे रुपये. घरी येऊन खोचली, तर संगणकानं जाहीर केलं की आपल्या सेवेत एक सीडी ड्राइव्ह रुजू झालेला आहे. मला वाटलं, दुकानदारानं चुकीची पुडी बांधली. तसं नव्हतं. या जातीची कार्डं आल्या आल्या सीडी असल्याचं सोंग करतात. पोटात विंडोजसाठीचा ड्रायव्हर ठेवलेला असतो, तो विंडोजनं उतरवून घेतला की सोंग उतरवून पुन्हा कार्ड होतात. लिनक्सला हा तमाशा ठाऊक नसेल तर बिचारी सीडीच समजून शांत बसते.

इथं ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं. कार्डात एक चिप असते आणि तिची आपली एक बोली असते. ती बोली संगणकाला समजावून देणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये असे हजारो दुभाषी घरातच, तिच्या गाभ्यात राहतात. तुमच्या चिपचा दुभाषी त्यांत असला तर कार्ड खोचताक्षणी गप्पा सुरू. नसला तर बाहेरून आणायचा, घरी जुळवायचा, आणि गाभा बदलला की पुन्हा जुळवायचा. आता हा बाहेरचा दुभाषी कुठं मिळतो? इंटरनेटवर. इंटरनेट चालू करायला इंटरनेट! आमच्या बँकेत पत्त्याच्या पुराव्याशिवाय खातं उघडत नाही आणि लोक पत्त्याचा पुरावा म्हणून पासबुकच दाखवतात, तेव्हा आम्ही काउंटरमागे हसतो. ते हसणं मी त्या रात्री फेडलं. शेवटी मोबाइल वायरनं संगणकाला जोडला आणि त्याचं इंटरनेट उसनं घेतलं. हा मार्ग मात्र खरंच चालतो. रात्री दीड वाजता दुभाषी जुळला. नऊ दिवस बोलला. दहाव्या दिवशी गाभ्याची नवी आवृत्ती आली आणि त्यानं मौन धरलं.

पुतण्या म्हणाला, "काका, आधी चिपसेट बघून घ्यायचं ना!"

वाचकहो, या वाक्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो आहे. बघायचं, पण कुठं?

माझ्यासमोर ते खोकं आहे. त्याच्यावर आयात करणाऱ्याचं नाव आहे, पत्ता आहे, माल कोणत्या देशाचा ते आहे, महिना आणि वर्ष आहे, नग एक असं आहे, सर्व करांसहित कमाल किंमत आहे, तक्रारीचा फोन आहे. एवढं सगळं २०११ च्या वैधमापनाच्या नियमांनी छापायला लावलेलं. कंपनीनं हौसेनं छापलेलं वेगळं: सुसाट वेग, अखंड संपर्क, आणि हसणारं एक परदेशी कुटुंब. त्या कुटुंबातल्या कुत्र्याचं नाव कळेल, पण आतल्या चिपचं कळणार नाही. म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर 'उत्तम बी, पिवळंधमक, जोरात उगवतं' एवढंच छापायचं आणि वाण गुलदस्तात!

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो. लिनक्सवाल्यांच्या याद्या वाचल्या, नावाजलेलं मॉडेल हुडकलं, तेच ऑनलाइन मागवलं. अक्षर न् अक्षर जुळलं. कार्ड आलं ते मुकं. शोध घेतला तेव्हा बारकोडखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'आवृत्ती २' सापडलं. पहिल्या आवृत्तीत एका कंपनीची चिप होती. दुसरीत मॉडेलचं नाव, रूप, खोकं तेच ठेवून आत दुसऱ्याच कंपनीची बसवली. कोणाची, ते मी सांगत नाही. बँकेतल्या माणसाला खातेदाराचं नाव फोडायची सवय नसते. पण त्याच पिशवीत त्याच नावानं दुसरं बी भरून कुणी आमच्या तालुक्यात विकलं असतं, तर पेरणी उलटताच लोहाऱ्याच्या तहसीलवर मोर्चा गेला असता. मी परत करायला गेलो तर उत्तर आलं, वस्तू सदोष नाही. खरंच होतं. वस्तू निर्दोष, गिऱ्हाईक सदोष.

शाखेतले जोशीबुवा म्हणतात, "अहो, धंद्याचं गुपित असतं ते." कसलं गुपित? चिप कशी बनवता ते मी विचारतच नाही; तिचं नाव विचारतो. कार्ड खोचून 'एलएसयूएसबी' एवढं टंकलं की संगणक चिपचा क्रमांक दोन सेकंदांत ओकतो. शिवाय अनेक कार्डांच्या पाठीवर अमेरिकेच्या एफसीसी या सरकारी आयोगाचा क्रमांक असतो; तो आयोगाच्या संकेतस्थळावर घातला की बऱ्याचदा कार्ड उघडून काढलेले फोटो दिसतात. म्हणजे लातूरला विकल्या जाणाऱ्या कार्डाचं पोट वॉशिंग्टनच्या दप्तरात उघडं ठेवलेलं आहे. हे गुपित अमेरिकेच्या सरकारपासून नाही, प्रतिस्पर्ध्यापासून नाही, माल घेतलेल्यापासूनही नाही. ते फक्त ज्यानं अजून पैसे दिलेले नाहीत त्याच्यापासून आहे.

दुसरे म्हणतात, लिनक्सवाले आहेत किती? मोजा. ॲन्ड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलचा गाभा लिनक्सचाच. माकणीच्या आठवडी बाजारात पाटी डोक्यावर घेऊन येणारी मावशीही लिनक्सवाली, फक्त तिला ते माहीत नाही. आणि थोडे असले तरी काय? शून्य शिल्लक असलेल्या खातेदारालाही आम्ही पासबुक भरून देतोच. मशीन चालू असेल तर.

हे भांडण काही मी आज उकरून काढलेलं नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये अशी सुधारणा करायची होती की कागद अडकला की मंडळींना कळावं. प्रोग्रॅम दाखवायला नकार मिळाला. पुढं १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची 'ग्नू' चळवळ जाहीर केली, त्यामागे हाही सल होता. एका अडकलेल्या कागदावरून! आमच्या शाखेत तो रोज अडकतो, आणि आम्ही शिपायाला हाक मारतो. माणसामाणसांत हा फरक असतो.

अर्थात लिनक्सवाल्यांनाही मी सोडणार नाही. त्यांच्यातले सोवळे म्हणतात, चिपच्या पोटातला प्रोग्रॅमही उघडा हवा, नाहीतर शिवू नका. डेबियनसारख्या मोठ्या संस्थेत असा बंदिस्त माल मूळ माध्यमावरच द्यावा की नाही, यावर २०२२ साली मतदान घ्यावं लागलं. द्यावा असं ठरलं, तेव्हा कुठं बऱ्याच लोकांची कार्डं पहिल्या दिवशी बोलू लागली. तत्त्व थोर आहे. पण पोरीची परीक्षा तत्त्वासाठी थांबत नाही. आणि "बघून घ्यायचं ना" म्हणणाऱ्या पुतण्यांनी एकदा दुकानात उभं राहून खोकं वाचून दाखवावं. कंपनीनं लपवायचं आणि दोष काकांचा!

तिसरं कार्ड मी घेतलं ते आतल्या पट्टीत बसणारं, कारण त्याच्या खोक्यावर पहिल्याच ओळीत ठळक छापलं होतं: आत इंटेलची एएक्स२०० चिप. छापणारे छापतात, म्हणजे छापता येतं! यातही एक खाच आहे, ती सांगून ठेवतो. एएक्स२०१ दिसायला जुळा भाऊ, पण त्याचा अर्धा मेंदू इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरातच असतो. आमच्यासारख्या जुन्या यंत्रात तो चालत नाही. एका अंकाचा फरक. एका अंकासाठी रात्री नऊपर्यंत टॅली शोधलेल्या माणसाला ही खाच चुकवायला जड गेलं नाही. डबा उघडला, पालीची दोन अंडी काढली, कार्ड बसवलं, चालू केलं. भावाच्या माडीवरच्या राऊटरचं नाव पडद्यावर आलं. मी काहीच जुळवलं नव्हतं. पोरीनं सरावाची पहिली परीक्षा दिली. रसायनशास्त्रात तिचे मार्क माझ्या खर्चापेक्षा कमी पडले, पण ते कार्डामुळे नव्हे.

परवा शेजारचे गुरुजी आले. "काय करलालाव? ते जुनं कार्ड पडून आहे म्हणं. आमच्या लॅपटॉपला चालंल का?" त्यांच्याकडे विंडोज. खोचलं, सीडीचं सोंग झालं, उतरलं, आणि कार्ड दीड मिनिटात घडाघडा बोलू लागलं. मला ते पाहवलं नाही. म्हटलं, घेऊन जा.

दुसरं अजून खणात आहे. पुढं कुणाला फसायला नको म्हणून त्याला गोंदानं चिठ्ठी लावून ठेवली आहे, चेक परत करताना लावतो तशी. वाण लिहिलं, आवृत्ती लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात नेहमीच्या अक्षरात लिहिलं: 'सही जुळत नाही.'