ऋणाचा शेष

ऋण, अग्नी व वैर यांचा शेष राहू देऊ नये, असे आपली वडीलमंडळी सांगत आली आहेत. पाबळ ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्यास या वचनाचा अर्थ अनुभवाने ठाऊक आहे. याच तालुक्यातील करडे गावी १८७४ साली अवघ्या १५० रुपयांच्या कर्जापायी सावकाराने बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा मिळविला. पुढे मे १८७५ मध्ये सुप्यास दंगा उसळून कर्जरोखे जाळले गेले.

त्या कुळांचा हिशेब सावकाराच्या वहीत असे. आज घर बँकेकडे गहाण असले, तरी हिशेब आपणांस वाचता येतो. दहा लाखांचे कर्ज, व्याज दरसाल शेकडा ९ व मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे ९००० रुपये पडतो. पैकी पहिल्या महिन्यात ७५०० रुपये व्याजातच जातात. मात्र रोज ३३ रुपये शिल्लक टाकून दरमहा १००० रुपये जादा भरले, तर कर्ज सुमारे साडेचार वर्षे आधी फिटते आणि व्याजाचे तीनएक लाख वाचतात.

काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. मुलांचे दूध, पुस्तके व औषधपाणी यांस कात्री लावू नये. हॉटेलातील चहा, पानतंबाखू व लग्नकार्यातील डामडौल यांस खुशाल लावावी. विद्यार्थीमित्रहो, घरचा जमाखर्च लिहिण्याचे काम आपण अंगावर घ्यावे व बँकेचा कागद आईवडिलांस वाचून दाखवावा. घरचे ऋण फेडण्यास आपले शिक्षण असे उपयोगी पडावे, एवढीच आमची इच्छा आहे.