तार निर्दोष, प्रश्न परका

घरबसल्या पाच मिनिटांत स्मृती तपासून देणाऱ्या जाहिराती या आठवड्यातही मोबाइलच्या पडद्यावर झळकल्या, आणि त्यांखाली ‘विश्वसनीयता सिद्ध’ हा शिक्का नेहमीप्रमाणे होताच. विश्वसनीय म्हणजे कशाच्या तुलनेत विश्वसनीय, हा प्रश्न या स्तंभाने रक्तदाबाच्या घरगुती यंत्रांबाबत विचारला होता, तेव्हा काही वाचकांना तो शब्दच्छल वाटला होता. चेतामानसशास्त्रीय चाचण्यांच्या, म्हणजे स्मृती, अवधान, भाषा आणि आकृतिज्ञान यांच्या मापनावरून मेंदूच्या कार्याचा अंदाज घेणाऱ्या चाचण्यांच्या बाबतीत मात्र तो शब्दच्छल मुळीच नाही. कारण तेच मोजमाप पुन्हा घेतल्यास तेच उत्तर येणे ही विश्वसनीयता झाली, आणि जे मोजायचे तेच मोजले जाणे ही सप्रमाणता झाली, आणि जाहिरात पहिलीचे प्रमाणपत्र दाखवून दुसरी विकते.

पहिलीच्या बाजूने पुरावा चांगला आहे, हे मान्य करावे लागेल. टेक्सासमधील मन्रो कलम आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 202 वृद्धांच्या, काही निरोगी तर काही स्मृतीच्या तक्रारी असलेल्यांच्या, चाचण्या समोरासमोर आणि दृक्‌श्राव्य जोडणीवरून अशा दोन्ही प्रकारे घेतल्या, तेव्हा गुण एकमेकांशी मोठ्या प्रमाणात जुळले. 2017 मधील एका एकत्रित विश्लेषणात 12 अभ्यासांतील 497 व्यक्तींची माहिती तपासली गेली, आणि अंकमालिका उलटसुलट म्हणणे, शब्दयादी लक्षात ठेवणे, दिलेल्या वर्गातील शब्द भराभर सांगणे अशा तोंडी चाचण्यांवर दूरस्थतेचा परिणाम दिसला नाही. टेलिफोनवरून घेण्याची बोधात्मक चाचणी तर 1988 पासून प्रचलित आहे. तेव्हा तार ही दोषी नव्हे.

याच्या शेजारी हरियाणातील बल्लभगडचे काम ठेवावे, म्हणजे खरी अडचण कोठे आहे ते दिसते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भारत-अमेरिका संयुक्त कामात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांसमोर बहुतांशी निरक्षर असलेले ग्रामीण वृद्ध होते, आणि हाताशी 1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली मानसिक स्थितीची 30 गुणांची प्रसिद्ध चाचणी होती. त्या चाचणीत कागदावर लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटायचे असतात; बल्लभगडात परीक्षकाने स्वतः डोळे मिटून दाखवले आणि तसेच करायला सांगितले. एक वाक्य लिहून दाखवण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचे, आणि इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायचे, असे बदल झाले. परीक्षक आणि वृद्ध यांच्यात तेथे कोणतीही तार नव्हती, दोघे एकाच अंगणात होते. तरीही मूळ चाचणी जशीच्या तशी घेतली असती, तर शाळेत न गेलेली शहाणी आजी रुग्ण ठरली असती, आणि दहा वेळा घेतली तरी दहाही वेळा तशीच ठरली असती. विश्वसनीयता यालाच म्हणतात! टेक्सासमध्ये प्रश्न तेच राहिले आणि मार्ग बदलला, तर बल्लभगडात मार्ग तोच राहिला आणि प्रश्न बदलले. दूरस्थ चाचणीचे व्यापारी पहिल्या कामाचा दाखला देतात, त्यांच्या ग्राहकांना गरज मात्र दुसऱ्या कामाची असते.

मार्ग बदलल्याने काहीच हरवत नाही असेही नाही. माँट्रियलमध्ये तयार झालेल्या, 30 गुणांच्याच दुसऱ्या एका बोधात्मक चाचणीचे टेलिफोनी रूप 22 गुणांचे उरते, कारण ठिपके जोडणे, घनाकृती उतरवणे, घड्याळ काढणे आणि प्राण्यांची चित्रे ओळखणे हे आठ गुणांचे काम डोळ्यांशिवाय होत नाही. घरी तर फोन धरायला सून किंवा नातू शेजारी असतो आणि त्याच्या ओठांतून उत्तर निसटते. ही अडचण यंत्राची नव्हे, कुटुंबाची आहे, आणि जाहिरातीत ती दिसत नाही.

मराठीत आणखी एक गुंता आहे, ज्याचा पुरावा तोकडा असला तरी तो येथे नोंदवावासा वाटतो. शंभरातून सातसात वजा करत जाण्याच्या प्रश्नात मराठी वृद्धाला त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट असे म्हणावे लागते; यांतले प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ असावे लागते, आणि तुटक आवाजाच्या जोडणीवर एकोणऐंशी आणि एकोणसत्तर यांतला फरक परीक्षकाच्या कानावर सोपवावा लागतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘सत्तर दोन’ अशा वाचनाची सोय दिली, तेव्हा भाषा बुडाल्याचा गजर झाला होता. पण स्मृतीच्या चाचणीत वजाबाकी चुकली की संख्येचे नाव अडले हे कसे ओळखायचे, याची चर्चा त्या गजरात कोणी केल्याचे स्मरत नाही.

अनुवादाने हे सुटत नाही, कारण अनुवादात शब्द बदलतात, प्रमाणके बदलत नाहीत. प्रमाणके म्हणजे त्या वयाच्या, त्या शिक्षणाच्या, ती भाषा बोलणाऱ्या निरोगी माणसांना सामान्यतः किती गुण पडतात याचे कोष्टक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बोधात्मक चाचण्यांचा जो संच तयार करवून घेतला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत विकसित झाला. 2011 च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली आणि 2024 मध्ये अभिजात ठरलेली मराठी त्या पाचांत नव्हती.