माळ्यावरील वेताळाचें मोल

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे जुने अंक सांपडले, ते विकल्यास काय येईल, असा प्रश्न आमचे विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारूं लागले आहेत. त्यांच्या मनांत अमेरिकेंतील आंकडे घोळत असतात. सुपरमॅन ज्यांत प्रथम अवतरला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा १९३८ सालचा पहिला अंक १० सेंटांस मिळे, त्याची एक उत्तम प्रत २०२४ सालीं ६० लक्ष डॉलरांस गेली. त्यावरून आपल्या पेटीचा हिशेब मांडणें म्हणजे बाजारांत तुरी अशांतला प्रकार होय.

‘इंद्रजाल’ मालिका मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें मार्च १९६४ मध्यें सुरू केली. १९९० सालीं ती बंद पडेपर्यंत आठशेंवर अंक निघाले. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठींत वेताळ झाला. आरवलीच्या वेतोबास पायताणें वाहणाऱ्या आपल्या मुलखांत तें नांव कोणास परकें वाटलें नसावें! पुढें १९७६ सालीं आबिद सुरती यांचा बहादूर हा देशी नायकही आला.

पारखी मनुष्य चित्रें अगोदर पाहत नाहीं, पानें मोजतो. कारण मधलें जोडपान तारेच्या टांक्यांतून सुटून बहुधा हरवलेलें असतें. मग मुखपृष्ठ, पाठीच्या घड्या, टांक्यांचा गंज, कागदाचा रंग. अमेरिकेंत २००० सालापासून एक त्रयस्थ संस्था १० पैकीं गुण देऊन अंक पारदर्शक डबींत बंद करते. आपल्या किनाऱ्यावर हें परीक्षकाचें काम पाऊसच करतो. लगद्याचा स्वस्त कागद त्यांतील आम्लानें आपोआप पिवळा व ठिसूळ होतो; त्यांत चार महिन्यांची दमट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी. म्हणून अंक कडक उन्हांत घालावे तर रंग उडतो. फाटल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद कागदांत मुरून तपकिरी डाग पडतो. मुखपृष्ठावर काकांनीं शाईनें लिहिलेलें नांव खोडरबरानें घासूं नये. नांव जात नाहीं, कागद जातो.

अंकांचे बांधून घेतलेले खंड पाहून संग्राहक नाक मुरडतात, कारण बांधणाऱ्यानें कडा कापलेल्या असतात. आमच्या मतें त्या पुठ्ठ्यांमुळेंच कित्येक अंक आजवर जगले. ते उसवूं नयेत. बाजारांत सर्वांत महाग प्रत तीच, जी कोणा मुलानें उघडलीच नाहीं. हा नियम व्यापाऱ्यास शोभतो. पालकांनीं तो घरांत लागूं करूं नये.

विक्रेता मागतो ती किंमत नव्हे, गिऱ्हाईक मोजतो ती किंमत. आरंभींच्या वर्षांतील पूर्ण अंकांस मागणी असते, बाकीच्यांस बेताचीच. घरांत अडचण असेल तर अवश्य विकावे, त्यांत कमीपणा कसला? परंतु पेटीच्या पेटी रद्दीच्या तराजूंत किंवा पहिल्याच विचारणाऱ्याच्या हातीं देऊं नये. अंकाचा क्रमांक, साल, भाषा व पानें यांची यादी अगोदर करावी. मराठी अंक असतील तर गांवच्या वाचनालयास तरी एकदां विचारावें; ज्या भाषेंत आपल्या वडीलधाऱ्यांनीं वेताळ वाचला, तिच्यांतील प्रती येथेंच राहिलेल्या बऱ्या. आणि हें सारें मिरग लागण्यापूर्वीं करावें. एकदां पागोळ्या सुरू झाल्या कीं माळ्यावरची पेटी उघडण्यांत अर्थ नाहीं.