उभ्या गाडीचा हिशेब

"सर, गाडी चालतच नव्हती, मग विमा कशाला भरायचा?"

न्हावऱ्याच्या एका ट्रकमालकाने मला विचारलेला हा प्रश्न आहे. माझा एक जुना विद्यार्थी रात्री शिरूरहून मोटारसायकलवर येत असताना त्या उभ्या ट्रकवर मागून आदळला. ट्रकच्या मागे ना लाल दिवा होता, ना रेडियम. पोराच्या मांडीत सळई बसवावी लागली. वर्षभर काम बंद राहिले आणि घरातली दोन तोळे मोड गेली. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की ट्रकचा विमा सात महिन्यांपूर्वीच संपलेला होता. ट्रकमालक बेइमान माणूस नाही. उसावर पोट असलेला, कर्जात बुडालेला माणूस आहे. त्याच्या हिशेबाने गाडी उभी म्हणजे खर्च बंद.

पण गंमत अशी की खर्च बंद नव्हताच. त्या सात महिन्यांचा रोड टॅक्स त्याने भरलेला होता, कारण टॅक्स थकला की पासिंग अडते. म्हणजे रस्त्यावर न चालणाऱ्या गाडीचा रस्त्याचा कर भरला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीचा विमा सोडून दिला. व्हायला हवे होते नेमके उलटे. आजचा लेख याच उलट्या हिशेबाबद्दल आहे.

आमच्या भागात गाडी उभी राहणे ही काही अपवादाची गोष्ट नाही. उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. त्यानंतर उसाची वाहने काही महिने झाडाखाली, वाड्यापुढे, नाहीतर सरळ रस्त्याच्या कडेला उभी असतात. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना ज्या हंगामांत बंद राहिला, त्या हंगामांत तर काही गाड्या हललल्याच नाहीत. ज्यांना जमले ते दौंडकडच्या कारखान्यांना लागले, बाकीच्यांच्या टायरांवर गवत चढले. लॉकडाऊनमध्ये शाळांच्या व्हॅन आणि बस अशाच उभ्या होत्या. आमच्या मुलांना आणणारा व्हॅनवाला तेव्हा भाजी विकत होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्राचा मोटार वाहन कर कायदा १९५८ चा आहे. राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या वाहनावर कर, असे त्याचे सूत्र आहे. यातले 'वापरासाठी ठेवलेले' हे शब्द महत्त्वाचे. गाडी चालली नाही एवढे पुरत नाही. ती वापरासाठी ठेवलेलीच नव्हती हे कर अधिकाऱ्याने मान्य करून तसे प्रमाणपत्र दिले, तरच त्या काळाचा कर सुटतो. त्यासाठी आधी कळवावे लागते, गाडी कुठे उभी राहणार ते सांगावे लागते. आपल्याकडे याला सरळ 'नॉन-यूज' म्हणतात. सोय आहे, पण ती माहीत असलेले गावात किती? मी ज्या सहा-सात गाडीवाल्यांना विचारले, त्यांतल्या एकाने नाव ऐकले होते. तो म्हणाला, "त्याला एजंट लागतो, दोन-तीन चकरा लागतात, तेवढ्यात डिझेल आणि मजुरी जाते. त्यापेक्षा टॅक्स भरलेला परवडतो."

२०२० मध्ये राज्य सरकारने स्वतःच हे तत्त्व मान्य केले. वाहतुकीच्या वाहनांना १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांच्या करातून सूट मिळाली. का? तर गाड्या उभ्या होत्या. तो निर्णय चांगला होता. मात्र महामारीत सगळ्यांची गाडी एकदम उभी राहिली म्हणून सरकारला ते दिसले. एकट्यादुकट्याची गाडी कारखाना बंद पडल्यामुळे, इंजिन बसल्यामुळे किंवा घरातल्या आजारपणामुळे उभी राहते, तेव्हा ते कुणाला दिसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२५ रोजी एक निकाल दिला आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या कुंपणाच्या आत एका कंपनीची ३६ वाहने माल हलवत होती. आतच फिरायची, बाहेरच्या रस्त्यावर येत नव्हती. आंध्र सरकारने कर घेतला. न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितले की हा कर रस्त्यांसारख्या सार्वजनिक सोयी वापरण्याचा मोबदला आहे. जी गाडी सार्वजनिक ठिकाणी वापरलीच जात नाही, तिच्यावर तो लागत नाही. कंपनीला २२,७१,७०० रुपये परत देण्याचा एकल न्यायाधीशांचा आदेश पुन्हा कायम झाला. हा निकाल आपल्या ट्रकमालकाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही, कारण आंध्रच्या कायद्यात 'सार्वजनिक ठिकाणी' असे शब्द आहेत आणि आपल्या कायद्यात 'राज्यात'. पण तत्त्व तेच आहे: रस्ता वापरला तर मोल द्या.

ज्यांच्याकडे वकील आहे, त्यांचे बावीस लाख परत येतात. ज्याच्याकडे एक जुना ट्रक आहे, तो 'टॅक्स भरलेला परवडतो' म्हणतो. माझी तक्रार इथे आहे.

आता विम्याकडे या. इथे मी ट्रकमालकाच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे तर तृतीय पक्षाचा विमा हवाच. 'वापर' म्हणजे फक्त चालवणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवले आहे आणि ते प्रकरण आपल्याच मातीतले आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात पहाटे पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याखाली उलटून पडला. चार तासांनी गळणाऱ्या पेट्रोलने पेट घेतला आणि जमलेली माणसे होरपळली, काही दगावली. विमा कंपनीचे म्हणणे होते की टँकर पडून होता, तो वापरात नव्हता. न्यायालयाने ते मानले नाही. बंद पडलेली, उभी, आडवी पडलेली गाडीही 'वापरात' असू शकते, असा त्या निकालाचा अर्थ. त्यामुळे उघड्यावर जळालेल्यांच्या घरच्यांना भरपाई मागता आली.

मग रस्त्याच्या कडेला उभा असलेला आपला ट्रक वापरात नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? अंधारात त्याच्यावर आदळणाऱ्या पोराला ट्रक चालता आहे की उभा, याने काय फरक पडतो?

आमच्या समाजात विम्याबद्दल अजून कुरबुर आहे. त्यात व्याज आहे, अनिश्चितता आहे, असे काही जण म्हणतात. ती चर्चा उलेमांनी करावी. पण तृतीय पक्षाचा विमा हा माझ्या नफ्यासाठी नाही. माझ्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याचा हक्क बुडू नये, म्हणून तो आहे. आपण याला हक्कुल-इबाद म्हणतो, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे मदरशातल्या लहान मुलालाही शिकवलेले असते. काटा उचलायचा आणि सोळा टनांचा ट्रक अंधारात तसाच ठेवायचा, हे कसले ईमान?

करासाठीही आपल्याकडे एक जुने माप आहे. स्वतःच्या वापराच्या घोड्यावर जकात नाही, असे हदीसमध्ये आले आहे. घोडा विकायला ठेवला, व्यापारात आला, की हिशेब बदलतो. माणसाच्या दाराशी नुसती वस्तू आहे म्हणून देणे लागू करायचे नाही, हा त्यामागचा न्याय. मी काही सरकारला शरियतने कर लावा म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ही समज फार जुनी आहे आणि कुठल्याही धर्माच्या शेतकऱ्याला ती लगेच पटेल.

माझ्या घरचेच दुसरे उदाहरण सांगतो. अब्बांची स्कूटर आमच्या अंगणात, फाटकाच्या आत उभी आहे. ते गेल्यापासून कुणी चालवलेली नाही आणि अम्मी ती विकू देत नाहीत. स्कूटर घेतानाच पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरलेला होता, तो त्यांनी वापरला तेवढा वापरला. तिचा विमा आता नाही आणि त्याची मला चिंताही नाही, कारण ती फाटकाबाहेर जात नाही, कुणाला लागत नाही. पण पंधरा वर्षांची नोंदणी संपली आहे. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली आणि उशिराला दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. तीन वर्षे उशीर झाला तर ३६ महिन्यांचे १०,८०० रुपये. त्यावर पर्यावरण कर वेगळा. स्कूटरची किंमत तेवढी येणार नाही.

म्हणजे पाहा, अंगणातल्या निरुपद्रवी स्कूटरवर महिन्याला ३०० रुपये चढताहेत आणि रस्त्याकडेचा बिनविम्याचा ट्रक सात महिने कुणी विचारत नाही. आपली यंत्रणा कागदाचा उशीर मोजते, माणसाचा धोका मोजत नाही.

इंग्लंडमध्ये १९९८ पासून एक साधी पद्धत आहे. गाडी रस्त्यावरून काढली की मालक तसे जाहीर करतो. त्याला पैसे पडत नाहीत, कर थांबतो. पण मग गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, खासगी जागेतच ठेवावी लागते. आणि २०११ पासून नियम असा की एकतर असे जाहीर करा, नाहीतर विमा चालू ठेवा. मधली वाट नाही. मला यातली ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आपल्याकडेही पाया आहे. करात नॉन-यूज आहे. विम्यातही, २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये गाडी काही काळ बंद ठेवल्यास हप्त्यात सवलत देण्याचे कलम होते. माझ्या ओळखीच्या विमा एजंटाने ते कधी ऐकलेले नव्हते. वाट आहे, पण पाटी नाही.

मला हवे आहे ते थोडके आहे. मालकाने मोबाइलवरून किंवा गावच्या सेतू केंद्रातून गाडी बंद ठेवत असल्याचे कळवावे, ती कुठे उभी आहे त्याचा फोटो द्यावा. त्या तारखेपासून कर आणि उशिराची जादा फी थांबावी. गाडी खासगी जागेत असावी. रस्त्याकडेला ठेवायची असेल तर विमा चालू पाहिजे आणि मागे रेडियम पाहिजे. लोक खोटे सांगून गाडी चालवतील, अशी शंका येईल. येऊ द्या. टोलवर फास्टॅग आहे, चौकात कॅमेरे आहेत, ई-चलन घरी येते. 'बंद' सांगितलेली गाडी टोल ओलांडताना दिसली की दुप्पट वसूल करा, मला दुःख नाही.

सरकार हे कधी करील ते करील. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. हंगाम संपला की गाडी रस्त्यावरून आत घ्या. आत जागा नसेल तर विमा संपू देऊ नका. त्या ट्रकमालकाने आता ट्रक भावाच्या रानात नेऊन लावला आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुमच्या पोराला विचारा ना, तो मला माफ करील का?" मी म्हटले, तूच जा आणि विचार. अजून गेलेला नाही.