अ‍ॅव्हरेजच्या पलीकडची गाडी

नवीन बाइक घ्यायची म्हटलं की घरून, कट्ट्यावरून आणि शेजारच्या काकांकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. अ‍ॅव्हरेज किती देते? सर्व्हिसिंगला किती जातात? विकताना किती येतील? चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, तो म्हणजे चालवताना तुला मजा येते का? ज्या गाडीवर पुढची पाच-सहा वर्षं रोज बसायचं, तिच्याबद्दल हाच प्रश्न राहून जावा हे जरा विचित्रच. आमचं म्हणणं सरळ आहे. हिशेब जमत असेल तर स्पोर्ट्स बाइक घेताना 'सगळे घेतात ती' सोडून स्वतःचा स्वभाव असलेली गाडी जरूर घ्या. पण 'हिशेब जमत असेल तर' या चार शब्दांत बरंच काही दडलंय. तेही स्पष्ट बोलू.

आधी गाडीचा स्वभाव म्हणजे काय, ते पाहू. रंग, स्टिकर आणि मोठा आवाज करणारा बदललेला सायलेन्सर म्हणजे स्वभाव नव्हे. तो इंजिनात आणि चासीत असतो. कॉलेजच्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. त्यात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. दोन सिलिंडर आले की ते स्फोट किती अंतराने करायचे, हे इंजिन बनवणारा ठरवू शकतो. क्रँक २७० अंशांचा ठेवला तर एक स्फोट २७० अंशांनी आणि पुढचा ४५० अंशांनी होतो. ठोका असमान पडतो, आणि ९० अंशांच्या व्ही-ट्विन इंजिनाची आठवण करून देणारी ती धडधड ऐकू येते. रॉयल एनफिल्डच्या ६४८ सीसीच्या काँटिनेंटल जीटीमध्ये हीच मांडणी आहे. म्हणजे ज्याला आपण 'फील' म्हणतो, त्यामागे भूमिती असते. ती कागदावर दिसते, पण खरी कळते चालवल्यावरच.

याच मांडणीची एक गाडी आपल्या अगदी जवळ तयार होते. बारामती म्हटलं की तुमच्या डोक्यात आधी राजकारण येणार, मग ऊस. पण तिथल्या पिआजिओच्या कारखान्यात एप्रिलिया आरएस ४५७ बनते आणि युरोप-अमेरिकेतही विकली जाते. एप्रिलिया ही इटलीतल्या नोआले गावची कंपनी. व्हॅलेंटिनो रॉसीने आपलं पहिलं जगज्जेतेपद १९९७ मध्ये १२५ सीसी गटात याच कंपनीच्या गाडीवर मिळवलं. आरएस ४५७ भारतात आली डिसेंबर २०२३ मध्ये, ४ लाख १० हजारांच्या एक्स-शोरूम किमतीला. त्या वेळी चाकणची केटीएम आरसी ३९० सव्वातीन लाखांच्या आसपास होती आणि यामाहा आर १५ दोन लाखांच्या आत. आरसीची ताकद ४३.५ पीएस, एप्रिलियाची ४७.६. आकड्यांत फरक चारचा आणि किमतीत जवळजवळ लाखाचा. कागद बघून ठरवणारा इथेच मागे फिरेल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण तो लाख दुसऱ्या सिलिंडरसाठी, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमसाठी आणि त्या असमान ठोक्यासाठी आहे. तुम्हाला त्याची किंमत वाटते का, एवढाच प्रश्न आहे. याचं उत्तर तुमच्याऐवजी दुसरं कुणी देऊ शकत नाही. रीलमधला रायडर तर नाहीच.

आता हिशेब. तीन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी १२ टक्के दराने काढलं, तर महिन्याचा हप्ता जवळपास १० हजार येतो आणि नुसतं व्याजच ५८ हजारांच्या वर जातं. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि ३५० सीसीच्या पुढे तो हप्ता खालच्या गटाच्या दुपटीहून जास्त आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रेघही ३५० सीसीवरच मारली गेली. त्याखालच्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरच्यांवरचा उपकरासकट ३१ होता तो ४० झाला. थोडक्यात, सरकारच्या लेखी तुमची आवडती गाडी म्हणजे चैन. पटो न पटो, पैसे मात्र तेवढे मोजावे लागणार.

शिवाय एक खर्च कोटेशनवर कधीच लिहिलेला नसतो, तो म्हणजे अंतर. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला सर्व्हिस सेंटर अर्ध्या तासावर असेल. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाने बुकिंगआधी नकाशा उघडून बघावा. गाडी घसरली, ब्रेकचा लिव्हर तुटला आणि तो मिळायला तीन आठवडे लागले, तर त्या तीन आठवड्यांत क्लासला कसं जायचं? सगळे घेतात त्या गाडीचा पार्ट कोपऱ्यावरच्या गॅरेजातही मिळतो. लोक उगाच तिच्या मागे धावत नाहीत. बहुसंख्यांची निवड कंटाळवाणी असेल, मूर्खपणाची नसते, हे आपण मान्य करायला हवं.

तरीही आम्ही स्वभावाच्या बाजूने का? कारण बाजाराने नाकारलं म्हणजे वाईट, असं नसतं. राजदूत ३५० आठवून पाहा, निदान वडिलांना विचारून पाहा. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०वर बेतून १९८३ मध्ये ती भारतात आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे ३० अश्वशक्ती. पेट्रोल अक्षरशः प्यायची. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, देश अ‍ॅव्हरेजच्या प्रेमात पडला आणि राजदूत ३५० त्या दशकाबरोबरच संपली. आज तीच गाडी लोक शोधून शोधून, वाट्टेल ती किंमत देऊन घेतात.

पण या गोष्टीची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. मूळ आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतात आलेल्या गाडीला खर्च वाचवण्यासाठी दोन्हीकडे ड्रम बसवले. पळायची ताकद होती, थांबायची नव्हती. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' हे टोपणनाव काही उगाच पडलं नाही. म्हणून गाडीचा दोष जर कुणी 'हेच तर हिचं कॅरेक्टर' म्हणून खपवत असेल तर सावध व्हा. सिग्नलला मांड्या भाजणं, ब्रेक कमी लागणं, गिअर अडकणं याला स्वभाव म्हणत नाहीत. त्याला गैरसोय म्हणतात, आणि ब्रेकच्या बाबतीत धोका.

इथे कायद्याबद्दलही बोलायला हवं. युरोपात अठराव्या वर्षी मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॉटची, आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद नसलेलीच गाडी चालवता येते. आरएस ४५७ची ताकद ३५ किलोवॉट आणि वजन १७५ किलो आहे, हा योगायोग नव्हे. गणित करून बघा. तिथे त्यापुढची गाडी हवी तर अनुभव आणि आणखी एक पायरी लागते. आपल्याकडे ही शिडीच नाही. गिअरच्या गाडीचं लायसन्स आज हातात आलं, तर उद्या हजार सीसीची गाडी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. अशी टप्प्याटप्प्याची पद्धत इथेही यायला हवी. ती येईपर्यंत शिडी तुम्हालाच उभी करायची आहे. आधी दीडशे-दोनशे सीसीवर एक आख्खा पावसाळा काढा, ओल्या घाटात ब्रेक कसा लावायचा ते शिका, मग पुढे सरका. युरोपात जी गाडी शिकाऊ टप्प्याची कमाल मर्यादा मानली जाते, ती आपल्या मित्राची पहिली गाडी असते. हे काळजी करण्यासारखंच आहे.

तेव्हा शोरूमच्या दारातल्या पाचशे मीटरच्या टेस्ट राइडवर समाधान मानू नका. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास मागा. पुढे झुकून बसल्यावर मनगटं दुखतात का, पाय जमिनीला नीट टेकतात का, गाडी गरम झाल्यावर क्लच कसा वागतो, हे तेव्हाच कळतं. टायर, ब्रेक पॅड आणि चेन-स्प्रॉकेटच्या किमती लिहून घ्या. चांगलं हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेट यांचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा. ते धरल्यावर गाडी परवडत नसेल, तर ती आज परवडत नाही, इतकंच. एक-दोन वर्षं थांबल्याने आवड मरत नाही. मरत असेल तर ती आवड नव्हती.

आणि शेवटचं. वेगळं दिसायचं म्हणून वेगळी गाडी घेणं हीसुद्धा एक गर्दीच आहे, फक्त ती मोबाइलच्या पडद्यावर असते. पूर्ण विचार करून, चालवून बघून तुम्हाला साधी सव्वाशे सीसीची गाडीच आवडली, तर बिनधास्त घ्या. ती निवड तुमची आहे. पण मन एका गाडीवर आणि सही दुसरीवर, तीही फक्त चार लोक काय म्हणतील म्हणून, असं करू नका. पुढची पाच वर्षं हप्ता तुम्ही भरणार आहात आणि हँडलही तुमच्याच हातात असणार आहे. ते चार लोक डबलसीटसुद्धा बसणार नाहीत.