माशी नेमकी कुठे शिंकली?

पवई हा दुरुस्ती करणाऱ्यांचा मुलूख आहे. १९५८ साली सुरू झालेली आयआयटी इथे वसली, लार्सन अँड टुब्रोचा कारखाना इथलाच आणि साकीविहार रोडच्या गाळ्यांतून लेथ किती वर्षे फिरत आहेत याची गणती नाही. त्यामुळे इथल्या घरांत स्क्रू-ड्रायव्हरचा संच, कानशी आणि एखादा व्हर्निअर सापडणे नवलाचे नाही. मिक्सर बिघडला, घड्याळ मागे पडले, शिवणयंत्र अडकले की रविवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे आणि वस्तू उघडायची. या सवयीचे कौतुकच करायला हवे. पण एक वस्तू अशी आहे की जिच्यापुढे ही सवय आवरलीच पाहिजे. ती म्हणजे आजोबांचे पिस्तूल.

अशी पिस्तुले आपल्याला वाटतात त्याहून अधिक घरांत आहेत. कुणाचे आजोबा फौजेत अधिकारी होते, कुणाचे इनामदार, कुणाचे शिकारी. गावचा वाडा विकला जातो, वाटण्या होतात आणि मखमली अस्तराची ती पेटी मुंबईच्या फ्लॅटमध्ये येते. वारस हौशी असेल तर परवाना आपल्या नावे करून घेतो, रेंजवर जातो, नेम धरतो आणि गोळ्या लक्ष्याच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात जातात. निष्कर्ष तयारच असतो: माशी वाकडी आहे. नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या उंचवट्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मग रविवार उजाडतो आणि कानस बाहेर निघते.

माझे मत स्पष्ट आहे. ही कानस खाली ठेवावी.

आधी यंत्राचे पाहू. नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे असते. जुन्या पिस्तुलात खाच आणि माशी यांत साधारण १५० मिलिमीटर अंतर आहे असे धरा. माशी कानशीने अवघा १ मिलिमीटर घासली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १६७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वर जाईल. २५ मीटरच्या अचूक नेमबाजीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे दहावर बसणारी गोळी त्या एका मिलिमीटरने चारावर जाते. आणि घासलेला धातू परत येत नाही. मिक्सरचा स्क्रू उलटा फिरवता येतो, कानस उलटी फिरत नाही.

पण मुळात दोष माशीचा असतो का? उजव्या हाताने नेम धरणारा नवखा माणूस चाप हळूहळू दाबण्याऐवजी झटक्याने ओढतो, आणि गोळी नेमकी डावीकडे खाली जाते. म्हणून नेमबाजीचे शिक्षक आधी गोळ्यांचा गट पाहतात. पाच गोळ्या एका मुठीएवढ्या जागेत बसल्या, पण भलत्या ठिकाणी, तर खाच किंवा माशी हलवण्यात अर्थ आहे. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या, तर दोष हाताचा. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण रेंजवर रोज खरी ठरते.

डोळ्यांचेही तसेच. आपला डोळा खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्वच्छ पाहू शकत नाही. म्हणून नेमबाज माशी स्पष्ट ठेवतो आणि लक्ष्य पुसट राहू देतो. चाळिशी उलटली की हातभर अंतरावरची ती माशीच धूसर होते. अशा वेळी बदलायचा असतो तो चष्मा. कित्येक जुन्या पिस्तुलांच्या माशा बिचाऱ्या मालकाच्या चाळिशीपायी झिजल्या असतील!

तिसरे कारण काडतुसाचे. ज्या पिस्तुलांचा नेम कायमचा बसवलेला असतो, तो त्या काळच्या ठरावीक वजनाच्या आणि वेगाच्या गोळीसाठी असतो. गोळी बदलली की ती लागण्याची जागाही बदलते. वेब्ली रिव्हॉल्वरचेच पाहा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असलेल्या या हत्याराची मागची खाच नळी बंद करणाऱ्या कडीवरच कोरलेली असते. ती कडी झिजून सैल झाली, तर नेम ढळतो. तिथे खाच घासत बसणे म्हणजे आजार एकीकडे आणि मलम भलतीकडे.

यावर कुणी म्हणेल, खेळाडू तर रोज आपल्या पिस्तुलाचा नेम फिरवतात. फिरवतात खरे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक मिळवले. त्या खेळातल्या पिस्तुलांना मागची खाच वर-खाली आणि डावी-उजवी करण्यासाठी मुद्दाम स्क्रू दिलेले असतात. गोळी जिकडे न्यायची, तिकडे मागची खाच सरकवायची, हा साधा नियम. चूक झाली तर स्क्रू परत फिरवायचा. हे काम रेंजवर, कागदी लक्ष्यासमोर आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली होते. ज्या पिस्तुलाला असा स्क्रूच नाही, त्याच्या निर्मात्याने आपल्याला निरोप दिलेला असतो: इथे हात लावू नका.

आता कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची दुरुस्ती, तिच्यात बदल किंवा तिची चाचणी ही कामे परवान्याशिवाय करता येत नाहीत. पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे कारागिराचा परवाना नव्हे. पण त्याहून मोठा गैरसमज दुसराच आहे. ‘शंभर वर्षांचे जुने आहे, शोभेची वस्तू आहे, त्याला कसला परवाना?’ असे अनेकजण सहज म्हणतात. कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे. मात्र ते हत्यार दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही, असे असले पाहिजे. आज चालत नाही एवढे पुरेसे नाही. म्हणजे जो गृहस्थ गंजलेले पिस्तूल तेलपाणी करून, खिळा बदलून, माशी सरळ करून ‘चालू’ करतो, तो आपल्याच हाताने सिद्ध करतो की त्या हत्याराला परवाना हवाच होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका बाळगता येतात आणि ही मर्यादा वारशाने आलेल्या हत्यारांनाही लागू आहे, हेही वारसांनी ध्यानात ठेवावे.

आणि शेवटी घराचे. रेंजवर नळी कुठे वळवायची याची शिस्त असते, तिथे लक्ष्यामागे मातीचा बांध असतो. पवईच्या इमारतीत भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे देवघर असते आणि दाराशी खेळून परत आलेली मुले उभी असतात. ‘रिकामेच आहे’ या दोन शब्दांवर विसंबून कुणी टेबलावर पिस्तूल उघडू नये. मुलांना वडिलांच्या हातातले काम नेहमीच खेळ वाटते. जे पिस्तूल वडील रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हाताळतात, ते सोमवारी मुलाला भीतीचे वाटत नाही. पेटी कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, एवढा नियम तरी घरात मोडता कामा नये.

मग त्या पेटीचे करायचे काय? खरोखर नेमबाजी शिकायची असेल, तर वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या ठिकाणी जाऊन खेळाच्या पिस्तुलावर शिकावे. आजोबांचे पिस्तूल ठेवायचे असेल, तर ते परवानाधारक कारागिराला दाखवावे आणि माशी आहे तशीच राहू द्यावी. तिच्यावरची झीज हा त्या माणसाच्या आयुष्याचा भाग आहे. ठेवायचे नसेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करण्याची सोय कायद्याच्या २१ व्या कलमात आहे.

या शेवटच्या वाटेला लोक बिचकतात. पोलीस ठाण्याची पायरी नको, प्रश्नांची सरबत्ती नको, म्हणून पेटी कपाटाच्या वरच्या खणात जाते आणि पुढच्या पिढीच्या माथी बसते. सरकारने वारसांसाठी ही वाट सोपी करावी: कोणती कागदपत्रे लागतात ते मराठीत, एका पानावर, प्रत्येक ठाण्यात लावावे आणि स्वतःहून आलेल्या माणसाला संशयिताची वागणूक देऊ नये. संग्रहालयाला शोभेल असे हत्यार तिथे पोहोचवण्याची सोयही असावी.

तोवर निर्णय घरानेच घ्यायचा आहे. तो एकट्या हौशी माणसाने न घेता बायको, भावंडे आणि जाणती मुले यांच्यासमोर बसून घ्यावा, आणि आजच घ्यावा. कारण आजोबांनी ते पिस्तूल कशासाठी घेतले हे सांगणारे कुणी अजून घरात असेल. उद्या फक्त पेटी उरेल.